पाण्यात क्लोरीन आहे, तरी पूल हिरवा का? स्टॅबिलायझरबद्दल मदत हवी

समुद्रकाठी । १८ एप्रिल, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,

अलिबागजवळ नागावला आमची नारळी-पोफळीची वाडी आहे. आई-बाबा तिथेच असतात, मी ठाण्याला. दोन वर्षांपूर्वी बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी पाण्यात चालायचा व्यायाम सांगितला, म्हणून घरामागे छोटा पूल बांधला. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, खोली एका टोकाला १.२ आणि दुसऱ्या टोकाला १.५ मीटर. बाबा रोज सकाळी अर्धा तास त्यात चालतात आणि त्यांना त्याचा खरोखर फायदा झालाय.

गेल्या नोव्हेंबरच्या सुरुवातीला टाइल्सची डागडुजी करून पूल नव्याने भरला. तेव्हा पूलवाल्याने एक किलो 'कंडिशनर' टाकलं. त्यानंतर दर तीन दिवसांनी २०० ग्रॅमची एक क्लोरीनची गोळी फ्लोटरमध्ये, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या डबीत. मार्चपर्यंत पाणी काचेसारखं होतं. गेल्या दहा दिवसांत भिंती बुळबुळीत झाल्या, कोपऱ्यात हिरवा थर आला आणि परवापासून सगळं पाणीच हिरवट दिसतंय. किटमधले थेंब टाकले की पाणी गडद पिवळं होतं, म्हणजे क्लोरीन आहे. पूलवाला म्हणतो, एकाऐवजी दोन गोळ्या टाका. तसं केलं, काही फरक नाही.

कुणीतरी सांगितलं की स्टॅबिलायझर वाढलं असेल. म्हणजे नक्की काय झालं, आणि आता काय करू? मे महिन्यात भाच्या येणार आहेत, त्याआधी पाणी नीट व्हायला हवं.

गोट्या७७ । १८ एप्रिल, रात्री १०:५८

मोरचूद टाका आणि वर तुरटी फिरवा. आमच्या गावच्या विहिरीत आजोबा हेच करायचे. दोन दिवसांत शेवाळ साफ.

रसायनवेडी । १८ एप्रिल, रात्री ११:३५

गोट्या, थांब जरा. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. शेवाळ त्याने मरतं हे खरं, पण तांबं पाण्यातच राहतं. नंतर क्लोरीन वाढवलं की टाइल्सवर डाग पडतात आणि पिकलेल्या केसांवर हिरवट झाक येते. समुद्रकाठींचे बाबा रोज त्या पाण्यात उतरतात. आधी कारण शोधू.

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते, आणि भावाच्या पूलची देखरेख चार वर्षं केली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

साध्या क्लोरीनला ऊन सोसत नाही. उघड्या पूलमधलं निम्मं क्लोरीन कडक उन्हात पाऊण तासाच्या आत संपतं. म्हणून त्यात सायन्युरिक आम्ल टाकतात. त्यालाच कुणी स्टॅबिलायझर म्हणतं, कुणी कंडिशनर. ते क्लोरीनला धरून ठेवतं आणि उन्हापासून वाचवतं. थोडं असेल तर फार उपयोगी. जास्त झालं की क्लोरीन इतकं घट्ट धरलं जातं की जंतू आणि शेवाळ मारायला हाताशी फारच थोडं उरतं.

वर्गात मी मुदत ठेवीचं उदाहरण देते. पैसे तुमचेच, पासबुकात रक्कमही दिसते, पण खिशात हात घातला तर सुटे दहा रुपये. तुमचं किट पासबुक वाचतंय.

आता गोळ्यांकडे या. तुमच्या २०० ग्रॅमच्या गोळ्या म्हणजे बहुतेक ट्रायक्लोर, डब्यावर 'टीसीसीए ९०' लिहिलेलं असेल. या गोळीतच निम्म्याहून जास्त वजन सायन्युरिक आम्लाचं असतं. क्लोरीन वापरलं जातं, उडतं, संपतं. सायन्युरिक आम्ल मात्र उन्हाने जात नाही, वाफेबरोबर जात नाही, वाळूच्या फिल्टरमध्ये अडकत नाही. पाणी आटलं आणि तुम्ही वरून भरलं, तरी ते तिथेच असतं. पाणी बाहेर गेलं तरच ते बाहेर जातं.

हिशेब करू. तुमची सरासरी खोली १.३५ मीटर. ८ × ४ × १.३५ म्हणजे ४३.२ घनमीटर, म्हणजे ४३,००० लिटर. हजार लिटरला एक ग्रॅम म्हणजे एक पीपीएम. एका गोळीतून साधारण १८० ग्रॅम क्लोरीन मिळतं, म्हणजे ४.२ पीपीएम. आणि १११ ग्रॅम सायन्युरिक आम्ल, म्हणजे २.६ पीपीएम. नोव्हेंबर ते मध्य एप्रिल किती गोळ्या झाल्या?

समुद्रकाठी । १९ एप्रिल, सकाळी ७:१५

ताई, बाबांना फोन केला. पाच-पाच किलोचे दोन डबे संपले, तिसऱ्यातल्या पाच गोळ्या गेल्या. एका डब्यात २५. म्हणजे ५५. डब्यावर 'टीसीसीए ९०' आहेच.

रसायनवेडी । १९ एप्रिल, सकाळी ७:४०

५५ × २.६ = १४३. सुरुवातीच्या एक किलो कंडिशनरचे २३. बेरीज १६६. बॅकवॉशमध्ये, म्हणजे फिल्टर उलटा धुताना, थोडं गेलं असेल. तुमच्या पाण्यात १५० ते १६० च्या आसपास सायन्युरिक आम्ल आहे असं मी न मोजता म्हणेन. हवं ते ३० ते ५०.

फिनिक्सकर । १९ एप्रिल, सकाळी ८:०५

रसायनवेडी, ठेवीचं उदाहरण अगदी चपखल.

मी अ‍ॅरिझोनात फिनिक्सला राहतो. इथे आमच्या गल्लीत घरोघरी पूल आहेत आणि उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर. पहिली पाच वर्षं मीही फक्त गोळ्याच वापरल्या. दर ऑगस्टमध्ये पाणी हिरवं. मी दरवेळी उन्हाला दोष द्यायचो.

२०२० च्या ऑगस्टमध्ये लॉरा वादळात लुईझियानातला लेक चार्ल्सजवळचा ट्रायक्लोरचा एक मोठा कारखाना जळला. २०२१ च्या उन्हाळ्यात इथे गोळ्या मिळेनात, मिळाल्या तर अवाच्या सवा भावात. नाइलाजाने द्रवरूप क्लोरीनकडे वळलो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, आपल्याकडे नुसतं 'हायपो' म्हणतात ते. त्यात सायन्युरिक आम्ल नाही. वापरल्यावर मागे उरतं ते मीठ. तेव्हापासून माझा पूल एकदाही हिरवा झालेला नाही.

घरी पूल असलेले आम्ही लोक एक सोपा नियम पाळतो: मोकळं क्लोरीन (चाचणीत दिसणारं, स्टॅबिलायझरने धरलेलं त्यातच आलं) हे सायन्युरिक आम्लाच्या साडेसात टक्के तरी हवं. ४० असेल तर ३. तुमच्यासारखं १६० असेल तर १२! दर तीन दिवसांनी एक गोळी टाकून १२ कुठून येणार?

पूलवाला_पनवेल । १९ एप्रिल, दुपारी १:२०

मी या धंद्यात आहे, बावीस वर्षं झाली, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

सगळा दोष गोळ्यांवर ढकलू नका. कर्जत, खोपोली, अलिबाग पट्ट्यात मी जे पूल सांभाळतो, त्यातल्या बहुतेकांचे मालक शनिवारी येतात आणि रविवारी जातात. मधले पाच दिवस तिथे माळी असतो. हायपो म्हणजे रोजचं काम आहे, रोज मोजून टाकायचं. हायपोचा निळा कारबा (मोठा कॅन) उन्हात ठेवला की आठवड्या-दोन आठवड्यांत ताकद उतरते. दुकानदार १० टक्के सांगतो, प्रत्यक्षात किती दिवसांपूर्वी भरलेला आहे कुणास ठाऊक. ओतताना अंगावर उडालं तर कपडे जातात, डोळ्यात गेलं तर डोळा जाईल. माझ्या दोन पोरांचे हात भाजलेले मी स्वतः दवाखान्यात नेलेत. गोळी फ्लोटरमध्ये टाकली की तीन दिवस निश्चिंती.

आणि १०० पर्यंत स्टॅबिलायझर असलं तरी पूल चालतो हा माझा अनुभव आहे.

फिनिक्सकर । १९ एप्रिल, दुपारी १:४५

दादा, १०० ला चालतो, पण मग क्लोरीन ७-८ ठेवावं लागतं. तुमचे ग्राहक तेवढं ठेवतात का?

पूलवाला_पनवेल । १९ एप्रिल, दुपारी २:१०

नाही ठेवत. २-३ ठेवतात, आणि मे महिन्यात मला फोन येतात. तुमचा मुद्दा मान्य आहे. पण मग माझाही मान्य करा: जिथे रोज माणूस नाही तिथे गोळी लागणारच. मोजून लागू द्या एवढंच.

कुंदाताई । १९ एप्रिल, सायंकाळी ६:३०

थोडं अवांतर. आमच्या सोसायटीच्या पूलला क्लोरीनचा इतका उग्र वास येतो की नातवाचे डोळे लाल होतात. म्हणजे तिथे क्लोरीन जास्त आहे ना?

रसायनवेडी । १९ एप्रिल, सायंकाळी ७:००

कुंदाताई, बहुतेक वेळा उलट असतं. घाम, लघवी, अंगाला लावलेलं तेल यांच्याशी क्लोरीनचा संयोग झाला की क्लोरामाइन्स तयार होतात. तो वास आणि डोळ्यांची जळजळ त्यांची. मोकळं क्लोरीन पुरेसं असलेल्या स्वच्छ पूलला फारसा वास नसतो. नातवाला उतरण्याआधी साबणाने आंघोळ घालून पाठवा आणि इतरांनाही तसं करायला सांगा, निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

समुद्रकाठी, यातून आठवलं. तुमचे पिवळे थेंब म्हणजे ओटीओ चाचणी. ती मोकळं आणि क्लोरामाइन्समध्ये बांधलं गेलेलं क्लोरीन एकत्रच दाखवते. गुलाबी रंगाची डीपीडी चाचणी घ्या, ती मोकळं क्लोरीन वेगळं दाखवते. फक्त एक लक्षात ठेवा: क्लोरीन फारच जास्त असेल तर डीपीडीचा गुलाबी रंगच उडून जातो, पाणी बिनरंगाचं दिसतं आणि माणूस शून्य समजून आणखी क्लोरीन ओततो. शंका आली तर नमुन्यात साधं पाणी मिसळून पुन्हा बघा.

तळमजला । १९ एप्रिल, रात्री ९:५०

आता कुणीतरी 'दोन्ही प्रकारचं क्लोरीन वापरा' म्हणण्याआधी हे लिहितो, कारण मी ते डोळ्यांनी पाहिलंय.

गेल्या वर्षी एका ओळखीच्यांच्या फार्महाउसवर गोळ्यांचा डबा रिकामा झाला. तळाशी चुरा होता. माळ्याने त्यातच दाणेदार क्लोरीन, म्हणजे कॅल्शियम हायपोक्लोराइट, भरलं, डबा चांगला आहे म्हणून. हात ओले होते. दहा-पंधरा सेकंद काही नाही. मग डब्यातून फुसफुस असा आवाज, पिवळट धूर, आणि झाकण समोरच्या भिंतीवर आपटलं. माळी दाराशी होता म्हणून वाचला. तीन दिवस खोकत होता. आम्ही त्या खोलीत दुसऱ्या दिवशीसुद्धा उभे राहू शकलो नाही.

ट्रायक्लोर आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट कधीही एकत्र आणायचं नाही. डबा वेगळा, माप वेगळं, फळीही वेगळी. आणि अ‍ॅसिडचा कॅन या दोघांपासून लांब, दुसऱ्या खोलीत. कृपया हे घरच्या माणसांना, माळ्यांना स्वतःच्या तोंडाने सांगा. चिठ्ठी लावून काम होत नाही.

पूलवाला_पनवेल । १९ एप्रिल, रात्री १०:१५

तळमजला, शंभर टक्के. यात मी एक जोडतो: औषध नेहमी पाण्यात टाकायचं, औषधावर पाणी ओतायचं नाही. माझ्याकडे नवीन पोरगा आला की पहिल्या दिवशी हेच शिकवतो.

समुद्रकाठी । २१ एप्रिल, दुपारी १२:३०

मंडळी, स्टॅबिलायझरचं किट घेऊन काल नागावला आलो. आज सकाळी बाबा आणि मी मिळून चाचणी केली.

बाटलीत अर्धं पूलचं पाणी, अर्धं किटमधलं द्रावण. हलवलं तशी ती दुधाळ झाली, अगदी खोबऱ्याच्या दुसऱ्या दुधासारखी. मग ते तळाशी काळा ठिपका असलेल्या नळीत थोडं थोडं ओतायचं आणि वरून बघत राहायचं, ठिपका दिसेनासा झाला की थांबायचं. पहिल्याच ओतण्यात ठिपका गायब. १०० ची रेघ नळीवर सगळ्यात खाली आहे, तिच्याही खाली. मग रसायनवेडी ताईंना फोन केला (नंबर दिल्याबद्दल आभार), त्यांनी सांगितलं तसं पूलच्या पाण्यात निम्मं साधं पाणी मिसळून पुन्हा केलं. बाबा सूर्याकडे पाठ करून उभे, नळी कमरेच्या उंचीवर, स्वतःच्या सावलीत. "आहे... आहे... अंधुक आहे... गेला." ८०. दुप्पट केलं, १६०.

ताईंनी न मोजता सांगितलेला आकडा जवळजवळ तोच आला. बाबा दोन मिनिटं नळीकडेच बघत होते. मोकळं क्लोरीन डीपीडीवर ३.

रसायनवेडी । २१ एप्रिल, दुपारी १:००

सुरेख केलंत. तो दुधाळपणा म्हणजे किटच्या द्रावणातलं मेलामाइन आणि पूलमधलं सायन्युरिक आम्ल यांचे बारीक, न विरघळणारे स्फटिक. २००७ मध्ये अमेरिकेत कुत्र्या-मांजरांच्या खाद्यात हीच दोन रसायनं आली आणि त्यांच्या मूत्रपिंडात असेच स्फटिक साचून पुष्कळ प्राणी दगावले. म्हणून चाचणीचं पाणी पूलमध्ये परत टाकू नका आणि किट भाच्यांच्या हाती लागू देऊ नका.

आता १६० वर औषधाने इलाज नाही. शेवाळ मारायला क्लोरीन सायन्युरिक आम्लाच्या ४० टक्क्यांपर्यंत न्यावं लागतं, म्हणजे ६४ पीपीएम. निम्मं पाणी काढून निम्मं नवीन भरा, ८० होईल.

हंडाकळशी । २१ एप्रिल, दुपारी ३:२५

हा धागा दोन दिवस शांतपणे वाचतोय. आता राहवत नाही म्हणून लिहितो. कुणाला दुखवायचं नाही.

मी लातूरचा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने आमच्याकडे पाणी आलं. पहिल्या फेरीला दहा वाघिणी होत्या, एकेका वाघिणीत साधारण पन्नास हजार लिटर. ती गाडी बघायला लोक स्टेशनवर गेले होते, मीही गेलो होतो. समुद्रकाठी, तुमचा पूल म्हणजे जवळजवळ त्यातली एक वाघीण. आणि तुम्ही एप्रिल महिन्यात त्यातलं अर्धं पाणी ओतून द्यायच्या गोष्टी करताय. तुमच्या बाबांच्या गुडघ्याचं मला कळतं. माझ्या आईचेही गुडघे गेलेत, हंडे वाहून. पण हे वाचताना घशात काहीतरी अडकलं.

गोट्या७७ । २१ एप्रिल, दुपारी ३:४०

हंडाकळशी, नागावला विहिरीला पाणी आहे हो. लातूर वेगळं.

हंडाकळशी । २१ एप्रिल, दुपारी ३:५५

विहिरीला आहे म्हणून ओतून द्यायचं का?

फिनिक्सकर । २१ एप्रिल, रात्री ८:२०

हंडाकळशींचा प्रश्न मला योग्य वाटतो. आमच्याकडेही वाळवंटच आहे. इथे ट्रकवर बसवलेलं यंत्र आणून पूलचं पाणी गाळून त्याच पूलमध्ये परत सोडतात, पाणी न फेकता सायन्युरिक आम्ल आणि क्षार काढायला. खर्चिक आहे. पण खरा उपाय तो नव्हे. खरा उपाय म्हणजे १६० होऊच न देणं. गोळ्या मोजल्या असत्या तर आज एक थेंबही काढावा लागला नसता. म्हणून मला हा विषय नुसता रसायनाचा वाटत नाही, पाण्याचा वाटतो.

समुद्रकाठी । २१ एप्रिल, रात्री ११:१०

हंडाकळशी दादा, तुमचं वाचून मी ओतून द्यायचा विचार सोडला. रात्री जेवताना आई-बाबांना तुमचं लिहिणं वाचून दाखवलं. आई म्हणाली, वाडीला रोज विहिरीचं पाणी देतोच की, मग दहा दिवस ते देऊ नका, पूलचं द्या.

हिशेब केला. ४० माड. प्रत्येकाच्या आळ्यात रोज ५० लिटर. रोजचे दोन हजार लिटर. दहा दिवसांत वीस हजार, म्हणजे जवळजवळ अर्धा पूल. तेवढंच विहिरीचं पाणी वाचेल आणि तेच नंतर पूलमध्ये जाईल. विहिरीतून एरवीपेक्षा एक बादलीही जास्त उपसली जाणार नाही. आमची विहीर समुद्राजवळ, मे महिन्यात एका दमात उपसली तर मचूळ होते, तेही टळेल.

ताई, याने माडांना त्रास होईल का? आणि काढत-भरत एकाच वेळी केलं तर चालेल?

रसायनवेडी । २१ एप्रिल, रात्री ११:४०

आईंना माझा नमस्कार सांगा.

क्लोरीन शून्यावर येऊ द्या, मगच माडांना द्या. दोन-तीन दिवस काही टाकू नका, शेवाळच ते संपवेल. माड खारं वारं सोसणारं झाड आहे, त्याला चालेल. भाजीच्या वाफ्यांना आणि कुंड्यांना मात्र देऊ नका.

काढत-भरत एकाच वेळी नको. तसं केलंत तर नवं पाणीही बाहेर जातं, आणि अर्ध्या पूलइतकं पाणी बदलूनही १६० चे ९७ च होतात. आधी काढा, मग भरा, म्हणजे ८०.

पूलवाला_पनवेल । २२ एप्रिल, सकाळी ९:००

एप्रिलमध्ये अर्धा रिकामा करायला हरकत नाही, जमिनीतलं पाणी खाली गेलेलं असतं. पण वाचणाऱ्या सगळ्यांना सांगतो, पावसाळ्यात पूल कधीही रिकामा करू नका. खालून पाण्याचा दाब येतो आणि रिकामी टाकी वर उचलली जाते. तळाला आडवी भेग गेलेला पूल मी पाहिलाय, दुरुस्त करताच येईना.

हंडाकळशी । २२ एप्रिल, सकाळी ९:३०

समुद्रकाठी, मनापासून धन्यवाद. असा विचार कुणी करेल असं वाटलं नव्हतं. आईंना माझाही नमस्कार.

दुबईकर । २३ एप्रिल, सायंकाळी ५:१५

आमचा पूल पूर्ण छपराखाली आहे, ऊन अजिबात येत नाही. तिथे किती स्टॅबिलायझर?

रसायनवेडी । २३ एप्रिल, सायंकाळी ५:४०

ऊन नाही तर त्याची गरज नाही. गोळ्याही नकोत, हायपोच वापरा.

समुद्रकाठी । ११ मे, रात्री ९:००

उशीर झाला लिहायला, पण काम पूर्ण करूनच लिहितोय.

दहा दिवस वाडीला पूलचं पाणी दिलं. मग विहिरीचं भरलं. स्टॅबिलायझर पुन्हा मोजलं, ८० च्या किंचित वर. आधी पीएच ७.२ वर आणला, कारण क्लोरीन दहाच्या वर गेलं की पीएचची चाचणी खोटी दाखवते असं ताईंनी बजावलं होतं. ताजा हायपोचा कारबा आणला, सावलीत ठेवला. ३२ पीपीएम गाठायला १४ लिटर लागले. बाबांनी गॉगल आणि हातमोजे घालून, पंप चालू ठेवून, पाणी येतं त्या तोंडासमोर बारीक धारेने ओतलं. सकाळ-संध्याकाळ भिंती ब्रशने घासल्या, रोज मोजून कमी पडलेलं क्लोरीन पुन्हा भरलं.

दुसऱ्या दिवशी हिरवं गेलं, पाणी राखाडी. चौथ्या दिवशी तळाची जाळी दिसली. फिनिक्सकरांनी सांगितलेली रात्रीची चाचणी केली: अंधार पडल्यावर क्लोरीन मोजायचं, सूर्य उगवण्याआधी पुन्हा मोजायचं, एक पीपीएमपेक्षा जास्त घट नको. पहिल्या रात्री ५ ने घटलं, म्हणजे शेवाळ अजून खात होतं. सहाव्या रात्री फक्त अर्ध्या पीपीएमने. मग पातळी ६ वर येईपर्यंत कुणीच पाण्यात उतरलं नाही.

आता रोज संध्याकाळी ऊन उतरल्यावर एक ते सव्वा लिटर हायपो. भाच्या काल आल्या. आज दिवसभर पाण्यात आहेत, जेवायला बाहेर काढताना आईचा घसा बसला.

गोट्या७७ । ११ मे, रात्री ९:२०

मोरचूद न टाकता! अभिनंदन. आता मामाची फी म्हणून भाच्यांना भिंती घासायला लावा.

फिनिक्सकर । १२ मे, सकाळी ६:५०

छान काम केलंत. ८० वरून आणखी खाली आणायला आता काही करू नका. तुमच्याकडे जे येणार आहे ते आमच्याकडे येत नाही. पाऊस!

समुद्रकाठी । १७ ऑगस्ट, दुपारी ४:३०

मूळ प्रश्नाचं उरलेलं उत्तर द्यायला परत आलोय.

फिनिक्सकर म्हणाले तसंच झालं. शेजारच्या काकांकडे पर्जन्यमापक आहे, १५ ऑगस्टपर्यंत १,४०० मिमीच्या थोडं वर. पूलची सरासरी खोली १,३५० मिमी. म्हणजे पूर्ण पूलइतका पाऊस पूलवर पडून वरच्या निचऱ्यातून बाहेर गेला. पंप रोज चालू ठेवला, नाहीतर पावसाचं पाणी वरच्या वर निघून जातं, मिसळत नाही. आज स्टॅबिलायझर ३० च्या जरा खाली. विहिरीचं एक लिटरही न वापरता.

पण पावसाने दुसरंही काही नेलं. अल्कलिनिटी (आम्ल सोसायची पाण्याची ताकद) ९० वरून ५० वर आली आणि पीएच ६.९.

रसायनवेडी । १७ ऑगस्ट, सायंकाळी ६:१०

पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच, म्हणून असं होतं. खाण्याचा सोडा टाका. हजार लिटरला १७ ग्रॅमने अल्कलिनिटी १० ने वाढते. ३० ने वाढवायची तर तुम्हाला सव्वादोन किलो. दोन दिवसांत विभागून टाका. लवकर करा, पाणी आम्लधर्मी राहिलं की टाइल्सच्या सांध्यांमधलं सिमेंट खातं.

पूलवाला_पनवेल । १८ ऑगस्ट, सकाळी १०:००

पाऊस स्टॅबिलायझर नेतो हे मला माहीत होतं, पण असा मोजून हिशेब मी कधी केला नव्हता. या मोसमापासून माझ्या प्रत्येक साइटवर गोळ्यांची वही ठेवतोय. मालक नसताना गोळी, माणूस असेल तेव्हा हायपो. नोव्हेंबर ते मे २० गोळ्यांच्या वर गेलं की मला फोन करायचा.

कुंदाताई । १८ ऑगस्ट, सकाळी ११:२०

वाचनखूण साठवली. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा धागा वाचून दाखवणार आहे. आता पूलजवळ आंघोळीची सक्ती झालीय, नातवाचे डोळे बरे आहेत.

हंडाकळशी । १८ ऑगस्ट, दुपारी १२:०५

बाबांचे गुडघे कसे आहेत?

समुद्रकाठी । १८ ऑगस्ट, रात्री १०:३०

दादा, बरे आहेत. पाऊस थांबला की सकाळी चालतात, पाऊस असला की ओट्यावर येरझाऱ्या घालतात. पंपाच्या खोलीत त्यांनी कालनिर्णय टांगलंय. रोजच्या चौकटीत क्लोरीनचा आकडा, आणि गोळी टाकली की त्या तारखेवर लाल पेन्सिलीने एक ठिपका. मे महिन्यापासून तीन ठिपके आहेत, तिन्ही आम्ही लग्नाला कोल्हापूरला गेलो होतो त्या आठवड्यातले.